पस्तीस की पन्नास

“दोन्ही घेऊन जा ताई,” असं म्हणून तय्यबभाईंनी काउंटरवरच्या दोन्ही लेन्स माझ्याकडे सरकवल्या. “मारबत झाली की एक परत आणा. कोणतीही आणा. फक्त या दोघांना आणू नका.”

या दोघांपैकी एक माझा नवरा, हेमराज. दुसरे साखरकर सर, आमच्या फोटोग्राफी क्लबचे अध्यक्ष. सीताबर्डीवरच्या त्या बोळाएवढ्या दुकानात दोघं सकाळपासून भांडत होते. भांडण माझ्यासाठी पस्तीस मिलिमीटरची लेन्स घ्यावी की पन्नासची यावरून चाललं होतं, पण मला त्यात तोंड उघडायला जागा मिळाली नव्हती.

“माणसाचा डोळा पन्नासनं पाहतो,” सर म्हणत होते.

“कोणत्या माणसाचा? मी तर पस्तीसनं पाहतो.”

“तुम्ही चष्मा लावता, हेमराजभाऊ.”

“चष्म्याचा इथं काय संबंध?”

तय्यबभाईंनी तोवर दोघांना चहा पाजून पाहिला होता, मग पंखा बंद करून पाहिला होता. कुणी हललं नव्हतं. शेवटी त्यांनी मलाच वाटेला लावलं. लेन्स दोन्ही जुन्या होत्या, कुणीतरी विकून गेलेल्या. आमच्या घराशी तय्यबभाईंची जुनी ओळख होती, म्हणून एवढा विश्वास.

कॅमेरा खरं तर हेमराजनं स्वतःसाठी घेतला होता. सोबत हातभर लांब झूम लेन्स. त्यानं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि बटण काही दाबलं नाही. त्याचं वाचन संपलं तेव्हा कॅमेरा माझ्याकडे आला. मी तेव्हा एका खासगी दवाखान्यात एक्सरे काढायचे. दिवसभर माणसांची हाडं पाहून कंटाळले होते. वाटायचं, आता जरा कातडीसकट माणसं पाहू. बाजारातली, रस्त्यावरची, आपल्या नादात असलेली.

पहिल्याच रविवारी इतवारीत गेले. रस्त्याच्या पलीकडे एका खांबाआड उभी राहिले आणि ती लांबलचक लेन्स भाजीवाल्यांवर धरली. बघता बघता त्या ओळीत धावपळ सुरू झाली. कुणी वांगी पोत्यात कोंबली, कुणी ताडपत्री गुंडाळली. एक बाई मात्र रस्ता ओलांडून थेट माझ्यापाशी आली.

“मॅडम, तुमची गाडी तं बुधवारी येते न? आज रविवारी काऊन?”

“कसली गाडी?”

“अतिक्रमणाची.”

“मी अतिक्रमणवाली नाही हो.”

“मंग एवढी मोठी दुर्बीण कायले आणली?”

त्यानंतर मी ठरवलं की लपायचं नाही, विचारून फोटो काढायचा. एका केळीवाल्याला विचारलं. तो आनंदानं तयार झाला. पण माझ्या तोंडाला दवाखान्याची सवय. “सरळ उभे राहा. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखून धरा,” मी म्हणाले, आणि फोकस जुळवत बसले. फोकस जुळेना. केळीवाला लाल झाला, मग जांभळा झाला. “सोडा” म्हणायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. बाजूच्या दुकानदारानं त्याच्या पाठीत थाप मारली तेव्हा त्यानं श्वास सोडला.

हे क्लबात सांगितलं तर साखरकर सर म्हणाले, दोष झूमचा आहे. रस्त्यावर झूम वापरायचीच नाही, प्राइम वापरायची. म्हणजे जिला पुढंमागं होता येत नाही अशी लेन्स. माणूस मोठा हवा तर आपण जवळ जायचं, लहान हवा तर आपण मागं सरायचं. इथपर्यंत सगळ्या क्लबाचं एकमत होतं. त्यापुढे, पस्तीसमध्ये जवळूनही जास्त मावतं म्हणणारे पस्तीसवाले आणि पन्नासमध्ये चेहरा खरा येतो म्हणणारे पन्नासवाले असे दोन पंथ होते आणि दोन्हीकडच्यांनी गेल्या वर्षभरात रस्त्यावर एकही फोटो काढलेला नव्हता.

तर अशा दोन लेन्स पिशवीत घालून मी महालातल्या आमच्या घरी आले.

आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागायची. आमच्या ओट्यासमोर जे दार होतं ते काकाजींचं, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांचं. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायचे, ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. काकाजी शिंपीकाम करायचे. दोघे सख्खे भाऊ, समोरासमोर राहायचे, आणि माझं लग्न होऊन मी त्या घरात आले त्याच्याही आधीपासून एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते.

कारण होतं एक बडग्या. नागपूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन प्रचंड बायांचे पुतळे, आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे कागद, कापड आणि बांबूचे पुतळे. ज्याचा लोकांना त्रास होतो त्याचा बडग्या करायचा, “घेऊन जा गे मारबत” म्हणून ओरडत शहरभर फिरवायचा आणि शेवटी जाळायचा. महागाईचा करतात, डासांचा करतात, पुढाऱ्यांचा तर दरवर्षीच. आमच्या गल्लीच्या मंडळाचा बडग्या काकाजी बनवायचे. एका वर्षी त्यांनी कंडक्टर बनवला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, आणि खाली ओळ लिहिली: सुट्टे नाही म्हणणाऱ्या कंडक्टरले घेऊन जा गे मारबत. चेहरा हुबेहूब मामाजींचा.

“मले फक्त नाक जमते,” काकाजी नंतर म्हणाले म्हणे. “तेच लावलं.”

“खरंच सुट्टे नसायचे,” मामाजी म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी समोरच्या दाराकडे पाहणंसुद्धा सोडलं.

बायकांचं भांडण नव्हतं. माझ्या सासूबाई, म्हणजे मामीजी, आणि समोरच्या काकू यांच्यात भाजीच्या वाट्या सर्रास फिरायच्या. फक्त मागच्या दारानं फिरायच्या.

मी पहिल्यांदा पन्नास लावली. सकाळी मामाजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. कॅमेरा डोळ्याला लावला तर त्यांचा एक कान आणि चष्म्याची अर्धी काच दिसली. मागं सरले. हनुवटी आली. अजून मागं सरले, पेपर आला. त्यांचे पाय हवे होते, कारण एका पायावर दुसरा पाय टाकून ते तळवा हलवत बसायचे आणि ते मला आवडायचं. म्हणून मी डोळा न काढता मागं मागं सरत गेले. टाचेला एक पायरी लागली, ती चढले. मग उंबरा लागला, तोही ओलांडला. आता सगळे मामाजी चौकटीत आले. मी बटण दाबलं.

“आता आलीच आहेस तं बस,” मागून आवाज आला.

मी काकाजींच्या पुढच्या खोलीत उभी होते. ते जमिनीवर बसले होते. हाताला खळ लागलेली, भोवती रद्दी आणि बांबूच्या कांबट्या. त्यांनी घाईघाईनं कशावर तरी निळी चादर ओढली.

“चप्पल काढून ये म्हटलं असतं,” ते म्हणाले, “पण तू पाठीनं आली.”

“चुकलं काकाजी. मामाजींचा फोटो काढत होते.”

“इथून?”

“या लेन्समध्ये जवळून माणूस मावत नाही.”

“बरोबर आहे. तो माणूस जवळून मावतच नाही.” त्यांनी हात पुसले. “काय दिसते त्यातून? दाखव बरं.”

मी त्यांच्या हातात कॅमेरा दिला, पट्टा गळ्यात घातला. डोळा कुठं लावायचा ते सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

“असं आहे, डोळ्यानं पाहिलं तर पाहिल्यासारखं होते,” ते म्हणाले. “यातून म्हणजे फोटो पाहिल्यासारखं. फोटो पाहायले काही हरकत नाही न?”

“काही नाही.”

ते बराच वेळ पाहत राहिले. समोर मामाजींनी पेपरचं पान उलटलं, जांभई दिली.

“दात कुठं गेले याचे?”

“काढले उन्हाळ्यात. कवळी केली आहे, पण टोचते म्हणून लावत नाहीत.”

“तुझी काकू बोलली होती. पण पाहिलं नव्हतं.” त्यांनी कॅमेरा खाली केला नाही. “लय म्हातारा झाला बापा.”

काकाजींच्या स्वतःच्या डोक्यावर तेव्हा एक केस शिल्लक नव्हता, पण ते मी बोलले नाही.

दुपारी जेवताना मामाजींनी पोळीचा तुकडा मोडला आणि ताटाकडे पाहत म्हणाले, “त्याच्या घरात गेली होतीस.”

“मला दिसलंच नाही मामाजी. पाठमोरी गेले.”

“पाठमोरी गेली तरी घर तेच न.” मग जरा थांबून, “काय बनवून राहिला तो यंदा?”

“चादर टाकली होती वरून.”

“कोणती चादर?”

“निळी.”

“आईची आहे ती चादर. वाटणीत माझ्याकडे यायला पाहिजे होती.”

“तुम्हीच नको म्हणाले होते,” मामीजी वरण वाढत म्हणाल्या. “ढेकूण आहेत म्हणे.”

मामाजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. “यंदा पुन्हा माझंच तोंड लावून राहिला असन तो. उद्या पुन्हा जा तू. पण पाठमोरीच जा. म्हणजे मी पाठवलं असं होत नाही.”

अशी मी दोन्ही पक्षांच्या कामाला लागले. रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी पन्नास लावून ओट्यावरच्या मामाजींपासून सुरुवात करायची आणि मागं सरत सरत काकाजींच्या खोलीत पोचायचं. मामाजींच्या हिशोबानं मी टेहळणीला जात होते. पण टेहळणीच्या निमित्तानं का होईना, फोटो आपला निघतो आहे, हे त्यांच्या ध्यानात होतं. ते आता दाढी करून बसायला लागले. मग इस्त्रीचा सदरा आला. एके दिवशी तर पेपर सुलटा आहे ना हेसुद्धा त्यांनी माझ्याकडून तपासून घेतलं.

इकडे काकाजी माझी वाट पाहत असायचे. आल्या आल्या कॅमेरा मागायचे, समोर पाहायचे, मग चादरीत डोकं घालून काहीतरी खळ-कागदाचं काम करायचे, पुन्हा बाहेर येऊन पाहायचे.

“गालाले खड्डे आधीपासून होते का याच्या?” एकदा त्यांनी विचारलं.

“दात गेल्यावर पडले.”

“हं,” म्हणून ते पुन्हा चादरीत गेले.

“काकाजी, एकदा समोर जाऊनच बघा ना,” मी म्हणाले.

“मी लहान आहे,” चादरीतून आवाज आला. “अन् चूक माझी आहे. दोन्ही गोष्टी एकदम घेऊन पाय उचलत नाही माणसाचा.”

तिकडे मामाजींना मी दररोज हेच सांगत होते की चादर काही निघत नाही. “एवढं झाकून ठेवते म्हणजे मीच आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाले कशाला झाकते?”

हेमराजनं एका रात्री संगणकावर माझे सगळे फोटो पाहिले. “ही स्ट्रीट फोटोग्राफी आहे की बाबांच्या पासपोर्टचं काम?” तो म्हणाला. साखरकर सर मात्र खूश झाले. “पाहा, पन्नासनं चेहरा कसा आला आहे. काही फेरफार नाही.” मलाही पन्नास पटत चालली होती. पस्तीस मी एकदाच लावून पाहिली होती, आमच्या दूधवाल्यावर. त्याचा चेहरा भरून येईपर्यंत माझा गुडघा त्याच्या कॅनला लागला आणि तो म्हणाला, “मोजूनच देतो वहिनी, असं अंगावर नका येऊ.” पन्नासमध्ये निदान एक आख्खं घर मागं सरता येत होतं. मी मनात ठरवून टाकलं, पन्नास ठेवायची.

मारबतीच्या दिवशी सकाळीच गल्ली गच्च भरली. मंडळाचे लोक, ढोलवाला, शेजारपाजार. मामाजी ओट्यावर ताठ बसले होते. बाहेर यायचंच नाही असं त्यांनी रात्री जाहीर केलं होतं, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. मी पन्नास लावून ओट्याखाली उभी राहिले. कॅमेऱ्यातून एका माणसाच्या सदऱ्याचं बटण दिसलं. मागं सरायला गेले तर माझी रोजची वाट बंद. काकाजींच्या दारातून बडग्या बाहेर निघत होता आणि दार त्यानं पूर्ण भरलं होतं. पुढं माणसं, मागं एक उभी केलेली स्कूटर. इलाज नव्हता. धूळ आत जाऊ नये म्हणून मी पदर आडवा धरला, पन्नास काढून पिशवीत टाकली आणि पस्तीस लावली.

बडग्या उभा राहिला. काकाजींनी वरची चादर ओढून काढली.

एक म्हातारा होता. पांढरा सदरा, पांढरं धोतर. गाल आत गेलेले, तोंडाचं बोळकं, आणि ओठाच्या कोपऱ्यात खरं लोखंडी कुलूप लटकवलेलं. काकाजींनी घसा साफ केला. आवाज त्यांचा बारीक होता, पण गल्लीत तो पुरला.

“भावाशी न बोलणाऱ्या म्हाताऱ्याले...”

“घेऊन जा गे मारबत,” गल्लीनं नेहमीच्या सवयीनं साथ दिली, आणि मग आपण काय म्हणालो ते कळून एकदम गप्प झाली. ढोलवाल्याला कळायला जरा वेळ लागला. तोही थांबला.

मामाजी ओट्यावरून उतरले. गर्दीनं त्यांना वाट दिली.

“देव्या,” ते काकाजींना म्हणाले, “पुन्हा माझं तोंड?”

इतक्या वर्षांनी काढलेला तो पहिला शब्द होता.

“तुझं नाही दादा. माझं आहे.”

“माझं नाक मले ओळखू येत नाही का?”

“ते नाक माझंही आहे न.”

लोक तिन्ही नाकांकडे आळीपाळीनं पाहायला लागले. बोलण्यात तथ्य होतं. काकाजींचं नाक, मामाजींचं नाक आणि बडग्याचं नाक एकाच साच्यातून काढल्यासारखं होतं.

“अन् दात?” मामाजी म्हणाले. “तुझे तं सारे जागेवर आहेत. याले एक नाही. माझे दात गेले हे तुले कसं माहीत?”

काकाजींची नजर माझ्या कॅमेऱ्याकडे गेली. मामाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दोघांच्या अगदी बाजूला होते, पाठ स्कूटरला टेकलेली. पळायला जागा नव्हती.

“तिले काही म्हणू नको,” काकाजी म्हणाले. “म्याच पाहिलं, तिच्या कॅमेऱ्यातून. रोज पाहत होतो. सुरुवात माझ्यापासूनच केली होती दादा, आरसा घेऊन बसलो होतो. पण तुले पाहत गेलो, अन् हात तिकडेच जात गेला. दात काढले, गाल आत नेले. मले थांबता आलं नाही.”

मामाजी पुढं झाले. त्यांनी बडग्याची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं, दाढी करताना न्हावी वळवतो तसं. बराच वेळ ते पाहत होते. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“हा मी नाही देव्या. तूही नाही.”

“मंग?”

“बाबा आहेत हे. शेवटच्या दुखण्यातले.”

काकाजींनी मान वर करून स्वतःच बनवलेल्या तोंडाकडे पाहिलं. “हो रे,” ते म्हणाले. “हो रे दादा.”

मी बटण दाबलं. कॅमेरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, तरी एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. श्वास रोखा असं मी कुणाला म्हणाले नाही. माझाच रोखला गेला होता.

“काकाजी, चला न,” मंडळाचा अध्यक्ष नरेश मागून म्हणाला. “पिवळी मारबत चौकात पोचली. आपलाच बडग्या राहिला.”

“कुठं नेता यांना?” मामाजींनी विचारलं.

“मिरवणुकीत.”

“अन् मंग?”

“मंग काय, जाळतो दरवर्षीसारखं.”

“बापाले?”

नरेशनं बडग्याला लावलेला हात काढून घेतला.

“एकदा जाळलं न आम्ही,” मामाजी म्हणाले. “पुन्हा कायले?”

काकाजींनी कात्री मागवली, मानेजवळची शिवण उसवली आणि मुंडकं दोन्ही हातांनी अलगद उतरवलं. आता नरेश रडकुंडीला आला. “बिनमुंडक्याचा बडग्या कशाचा म्हणू मी? लोक विचारतील न.”

मामाजींनी त्या धडाकडे एक नजर टाकली. जन्मभर भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज त्यांनी कमावला होता. तो बऱ्याच वर्षांनी त्यांनी बाहेर काढला.

“बिनडोक पुढाऱ्यांले...”

“घेऊन जा गे मारबत,” गल्ली उसळलीच. ढोल सुरू झाला. त्या वर्षी गावभर आमच्या बडग्याचीच चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला, दुसऱ्या कुणीतरी काढलेला. खाली लिहिलं होतं की मंडळाची कल्पना अभिनव होती.

बडग्या निघाला तसं मामाजींनी ते मुंडकं काकाजींच्या हातून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. “यांना घरात ने. ऊन लागते.”

“कुणाच्या घरात?” मी विचारलं.

दोघं थांबले. “मोठा मी आहे,” मामाजी म्हणाले. “बनवलं म्या,” काकाजी म्हणाले. आणि तिथंच पुन्हा जुंपली. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं, ते एकदम निघायला लागलं. निळी चादर आली, सुट्टे आले, लहानपणी हरवलेली एक भिंगरी आली. मी एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात आजेसासरे घेऊन भर गल्लीत उभी.

शेवटी मामीजी बाहेर आल्या. “आपल्याकडे नको,” त्या म्हणाल्या. “ते होते तोवर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही मी. आता स्वयंपाक करताना पुन्हा ते समोर नकोत. देवरावजींकडेच ठेव.”

त्यामुळे मुंडकं समोरच्या घरात, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर गेलं. आणि मामाजींना रोज सकाळी वडील व्यवस्थित आहेत का, त्यांना उंदीर तर लागले नाहीत ना, हे बघायला गल्ली ओलांडून जावं लागायला लागलं. ते गेले की तासभर यायचे नाहीत. दोघांचं पटत होतं अशातला भाग नाही. आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. “बोलत नव्हते तेव्हा जरा शांतता होती,” मामीजी म्हणायच्या आणि चहाचे दोन कप समोर पाठवायच्या, पुढच्या दारानं.

तो फोटो मी क्लबात दाखवला. दोन भाऊ, मध्ये बडग्या, तिन्ही तोंडं एका चौकटीत. साखरकर सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला.

“नाकं मोठी आली आहेत,” ते म्हणाले. “जवळून पस्तीस वापरली की असंच होतं. पन्नासनं अशी आली नसती.”

“नाकं मोठीच आहेत सर.”

“तरी पण.”

हेमराज जिंकल्याच्या आनंदात होता. आपण पस्तीस म्हणत होतो ते का, हे तो सगळ्यांना समजावून सांगत होता. मी एकटीच सीताबर्डीला गेले आणि पन्नास परत केली. तय्यबभाईंनी कारण विचारलं नाही. ती कापडात गुंडाळता गुंडाळता फक्त म्हणाले, “अच्छा हुआ, एकट्याच आलात.”

पुढच्या रविवारी दुपारी मामाजींनी मला ओट्यावर बोलावलं. काकाजी तिथं आधीच बसले होते. दोघांच्या मध्ये पानाचा डबा, पेपर आणि आणखी एक माणूस बसेल एवढी जागा.

“तो फोटो भांडतानाचा आहे,” मामाजी म्हणाले. “घरात लावता येत नाही. आता एक नीट काढ.”

मी समोर उभी राहिले.

“मागं हो थोडी. म्हणजे दोघं येऊ.”

“मागं जागा नाही मामाजी. काकूंनी दार लावलं आहे, झोपल्या आहेत.”

“मंग ते फिरवून लांबचं कर न,” काकाजी म्हणाले.

“हे फिरत नाही काकाजी. जसं आहे तसंच राहतं.”

“असलं कसलं घेतलं तुम्ही,” मामाजी म्हणाले.

“तुम्हीच सरका,” मी म्हणाले.

मामाजींनी पानाचा डबा उचलून पलीकडे ठेवला. काकाजींनी पेपर मांडीखाली घेतला. दोघं समोर माझ्याकडे पाहत, एकमेकांकडे न पाहता, बसल्या जागेवरून जरासे सरकले.

“अजून.”

“अजून?” काकाजी म्हणाले.

“थोडे अजून.”

ते आणखी सरकले. मामाजींचा खांदा काकाजींच्या खांद्याला लागला आणि तिथंच राहिला. मी फोटो काढला.

पस्तीसमध्ये दोघं पहिल्यापासूनच मावत होते.